संधिवात आणि डोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा सुजला, बोटं आखडली की संधिवात लक्षात येतो. त्याच आजाराने डोळा लाल झाला तर मात्र 'धूळ गेली असेल' म्हणून दिवस काढले जातात. खालची उत्तरं माहितीसाठी आहेत. डोळा प्रत्यक्ष यंत्राखाली बघितल्याशिवाय त्यातलं बरंचसं कुणालाच सांगता येत नाही.

दुखणं सांध्यांचं, मग डोळ्यांचा संबंध कुठून आला?

संधिवाताच्या बऱ्याच प्रकारांत मूळ बिघाड सांध्यात नसतो, शरीराच्या प्रतिकारशक्तीत असतो. बाहेरच्या जंतूंशी लढायची यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि जिथे उलटते तिथे दाह होतो. सांध्याचं अस्तर हे तिचं आवडतं ठिकाण, पण एकमेव नाही. डोळ्याचा पांढरा भाग सांध्यांसारखाच कोलॅजनने बनलेला असतो. बुबुळ आणि त्यामागच्या थरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीही या माऱ्यातून सुटत नाहीत.

माझे गुडघे वयामुळे झिजलेत. मलाही डोळ्यांचा धोका आहे का?

नाही. कूर्चा झिजून होणारा संधिवात डोळ्यात उतरत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू या वयाच्या गोष्टी वेगळ्या, त्यांची तपासणी चाळिशीनंतर सगळ्यांनीच करायची असते.

मग कोणत्या संधिवातात डोळ्यांना काय होतं?

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो डोळ्यांचा कोरडेपणा. त्याखालोखाल पांढऱ्या भागाचा दाह. पाठीचा कणा धरणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये बुबुळाला सूज येते, तिला आयरायटिस किंवा पुढच्या भागाचा युव्हिआयटिस म्हणतात (युव्हिआयटिस म्हणजे बुबुळ आणि त्यामागच्या थराचा दाह). सोरायसिसच्या संधिवातातही ती येते, पण तिथे कधी दोन्ही डोळ्यांत, हळूहळू आणि डोळ्याच्या मागच्या भागातही. जुलाब किंवा लघवीच्या मार्गाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी सांधे धरतात, त्या प्रकारात डोळे आल्यासारखे लाल होतात. चिकुनगुन्याच्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात हे अनेकांना माहीत असतं. त्यानंतर युव्हिआयटिस किंवा डोळ्याच्या पडद्याला सूजही येऊ शकते, हे फार कमी जणांना. गाउटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणाऱ्या संधिवातात, डोळ्यांचा त्रास क्वचितच. लहान मुलांच्या संधिवाताचं प्रकरण निराळं आहे, ते पुढे येईल.

डोळ्यांत सतत खुपतं, वाळू गेल्यासारखं वाटतं. पण डोळ्यांतून पाणीही येतं! मग हा कोरडेपणा कसा?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. डोळ्याला चोवीस तास ओलं ठेवणारे अश्रू आणि काही टोचल्यावर घळाघळा येणारे अश्रू, यांत फरक आहे. पहिले कमी पडले की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक काचेसारखा थर, उघडा पडतो. त्याची जळजळ झाली की मेंदू दुसऱ्या प्रकारचं पाणी सोडतो. ते गालावर ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही.

तपासणी साधी आहे. खालच्या पापणीच्या कडेला टिपकागदाची बारीक पट्टी ५ मिनिटं अडकवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू नक्कीच कमी आहेत.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, पाण्याच्या घोटाशिवाय घास उतरत नसेल, दात भराभर किडत असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. हा शोग्रेन सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटण्याचा आजार, असू शकतो. १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन करणारे हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ होते. डोळे तपासता तपासता त्यांना सांध्यांचा आजार दिसला, हे मला या सगळ्या विषयात फार बोलकं वाटतं.

कोरडेपणासाठी कोणते थेंब चांगले?

कृत्रिम अश्रू बरेच मिळतात, आणि अमुक एकच उत्तम असं काही नाही. पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार डोळ्यात गेलं की कॉर्नियालाच इजा करतं. रात्री झोपताना जेल किंवा मलम जास्त वेळ टिकतं, मात्र त्यानंतर काही वेळ धूसर दिसतं. 'लाली घालवणारे' म्हणून मिळणारे थेंब कोरडेपणावर उपयोगाचे नाहीत. ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात, आणि सोडले की लाली पुन्हा उसळते.

कृत्रिम अश्रूंनी भागत नसेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात किंवा अश्रूंचा निचरा होणाऱ्या छिद्रांना छोटी बुचं बसवतात. तुमच्या इतर गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि दुखण्यावर रात्री दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन डोळे आणखी कोरडे करतात. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, आणि स्क्रीनपुढे बसलात की पापण्यांची उघडझाप आपोआप कमी होते हे ध्यानात ठेवा.

बोटं वाकडी झाली आहेत, बाटली दाबताच येत नाही. काय करायचं?

औषध लिहून देताना हा प्रश्न विचारायला हवा, पण बहुतेक वेळा विचारला जात नाही. आणि मग 'औषधाने गुण आला नाही' असा निष्कर्ष निघतो, खरं तर थेंब डोळ्यात पडलेलाच नसतो. बाटली अडकवून तळहाताने दाबता येईल अशी साधनं मिळतात. आडवं पडून, खालची पापणी जरा ओढून तिथे थेंब सोडला तर नेम धरावा लागत नाही. मान वळत नसेल तरीही हेच सोपं. एकच थेंब पुरतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध घालायचं तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. एकाच वेळी वापरायच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या दुखऱ्या बोटांनी उघडणं कठीण जातं. तसं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच पण बाटलीतून येणारे थेंब मागा.

डोळा लाल झालाय. डोळे आले असतील का?

असतीलही. पण दाहाचा संधिवात असलेल्या माणसाने ते स्वतः ठरवू नये.

डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, खाज किंवा चुरचुर असते, बहुधा एकामागोमाग दोन्ही डोळे येतात आणि दृष्टी साधारण स्वच्छ राहते. आयरायटिसमध्ये चिपडं नसतात. उजेड सहन होत नाही, डोळा आतून ठणकतो, दिसणं धूसर होतं आणि लाली बुबुळाच्या कडेभोवती कड्यासारखी जास्त गडद असते. अनेकदा एकच डोळा धरतो. पुढच्या वेळी दुसरा.

पांढऱ्या भागाच्या वरवरच्या थराला सूज आली, तर एक ठिपका किंवा पट्टा लालभडक दिसतो, पण फारसं दुखत नाही आणि बऱ्याचदा आपोआप ओसरतं. आतल्या जाड थराचा दाह, म्हणजे स्क्लेरायटिस, हे मात्र गंभीर प्रकरण आहे. वेदना खोलवर, पोखरल्यासारखी. कपाळात, जबड्यात जाणारी. रात्री झोपेतून उठवणारी. डोळ्याला हात लावू देत नाही. लालीला जांभळट छटा येते. तिथे नुसत्या थेंबांनी भागत नाही, पोटातून औषधं लागतात. स्क्लेरायटिसचा अर्थ असाही असतो की शरीरात इतरत्र संधिवात आटोक्यात नाही, म्हणून अशा वेळी नेत्रतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ दोघांनी मिळून औषधं ठरवावी लागतात.

एक कळकळीची सूचना. घरात मागच्या वेळची किंवा शेजाऱ्यांची स्टिरॉइडच्या थेंबांची बाटली असेल तर ती डोळ्यात घालू नका. लाली नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे किंवा कॉर्नियावरच्या जखमेमुळे असेल तर तेच थेंब डोळा घालवू शकतात. सुरुवातीला बरंही वाटतं, हीच त्यातली गोम.

डोळ्याचा पांढरा भाग एका जागी निळसर दिसतो, पण दुखत नाही. दाखवायला हवं का?

हो, आणि लवकर. बरीच वर्षं जुना आमवात असलेल्यांमध्ये पांढरा थर कसलीही वेदना न होता विरळ होत जातो आणि खालचा गडद थर झळकू लागतो. न दुखणं इथे दिलाशाची गोष्ट नाही.

आयरायटिसचं निदान झालं. बाहुली मोठी करणारे थेंब कशाला दिलेत? त्यांनी तर काहीच दिसत नाही.

सुजलेलं बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं. एकदा नीट चिकटलं की बाहुली वेडीवाकडी होते, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते आणि दाब वाढतो. ॲट्रोपिन, होमॅट्रोपिनसारखे थेंब बाहुली रुंद ठेवून हे चिकटणं टाळतात, आणि आतल्या स्नायूला आराम मिळून दुखणंही कमी होतं. म्हणून धूसरपणा सोसा, बाहेर पडताना काळा चष्मा लावा, गाडी चालवू नका.

दाह उतरवतात ते स्टिरॉइडचे थेंब. सुरुवातीला तासातासाला, मग आठवड्यागणिक कमी करत. बहुतेक जण इथेच चुकतात. तीन-चार दिवसांत डोळा पांढरा झाला की थेंब बंद करतात, आणि पंधरवड्यात पुन्हा उठतं. आतली सूज गेली की नाही हे आरशात दिसत नाही, स्लिट लॅम्प या नेत्रतज्ज्ञाच्या यंत्राखालीच दिसतं.

मला दर वर्षी आयरायटिस होतो, पण संधिवात नाही. मग?

पाठीबद्दल विचारतो. कमरेत पहाटे दुखतं का? सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी असते आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते का? विश्रांतीने दुखणं वाढतं का? हे पंचेचाळिशीच्या आत सुरू झालं असेल तर तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या घराण्यातला आजार असू शकतो. कित्येक तरुण वर्षानुवर्षं 'बसून बसून पाठ दुखते' म्हणून बाम चोळत असतात आणि निदानाचा पहिला धागा नेत्रतज्ज्ञाच्या हाती लागतो. या आजाराच्या तीन-चार रुग्णांमागे एकाला कधी ना कधी आयरायटिस होतोच.

एचएलए-बी२७ नावाच्या जनुकाची रक्तचाचणी सांगतात ती यासाठीच. त्याचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये समोर आला. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. हे जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काहीच होत नाही.

मुलीला संधिवात आहे, ५ वर्षांची आहे. डोळ्यांची काही तक्रार नाही. तरी दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायचे?

हो, न चुकता. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मुलांच्या संधिवातात साधारण दहातल्या एक-दोन मुलांना युव्हिआयटिस होतो, आणि तो बहुधा मुका असतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. एका डोळ्याची नजर कमी झाली तरी मूल दुसऱ्यावर भागवतं, आणि 'मला कमी दिसतं' हे सांगण्याइतकी तुलना त्याच्याकडे नसते. पालकांच्या लक्षात येतं तेव्हा बाहुली वाकडी झालेली असते, कॉर्नियावर कॅल्शियमचा पांढुरका पट्टा आलेला असतो किंवा मोतीबिंदू धरलेला असतो.

सर्वांत जास्त धोका कुणाला? ज्यांचे सुरुवातीला चार किंवा त्याहून कमी सांधे सुजले, आजार सातव्या वर्षाआधी सुरू झाला आणि एएनए चाचणी (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आहे, त्यांना. आणि पहिल्या चार वर्षांत. त्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी, बाकीच्यांची सहा ते बारा महिन्यांनी. गुडघा बरा झाला म्हणजे डोळाही सुरक्षित, असं इथे चालत नाही. दोघं आपापल्या चालीने चालतात. सांधे पूर्ण शांत असतानाही डोळ्यात दाह सुरू होतो.

शाळेतली अक्षरं वाचायची तपासणी पुरेशी नाही, स्लिट लॅम्पच हवा. वेळेत सापडलं तर उपाय आहेत: थेंब, प्रतिकारशक्ती शांत करणारं मेथोट्रेक्सेट, आणि त्यानेही न भागल्यास ॲडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन. मेथोट्रेक्सेटला ॲडॅलिम्युमॅबची जोड दिल्याने अशा मुलांमधला दाह जास्त आटोक्यात राहतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने डोळे जातात असं ऐकलं. गोळी बंद करू का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. हे औषध चांगलं आहे, आणि ते सोडल्याने संधिवात उसळण्याचा धोका डोळ्यांच्या धोक्यापेक्षा आधी समोर उभा राहतो. पण भीती निराधारही नाही. औषध डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतं आणि झालेली इजा भरून येत नाही.

सगळं डोस आणि वर्षं यांवर आहे. डोस प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत असावा. हा हिशेब घरी करता येतो. रोजचे ४०० मिलिग्रॅम ८० किलोच्या माणसाला बसतात. ५० किलोच्या बाईला ते दीडपटीहून जास्त होतात. तसं आढळलं तर डॉक्टरांना सांगा. रोज बदलून एक आणि दोन गोळ्या असाही डोस बसवता येतो, पण तो त्यांनी ठरवायचा. योग्य डोसवर पहिल्या ५ वर्षांत धोका एक टक्क्याहून कमी, १० वर्षांपर्यंत दोन टक्क्यांच्या आत. २० वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या जवळ जातो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर आणखी वाढतो.

म्हणून सुरुवातीच्या वर्षभरात एकदा पडदा तपासून घ्यायचा आणि ५ वर्षांनंतर दर वर्षी. धोका जास्त असेल तर आधीपासूनच. तपासणी म्हणजे ओसीटी (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने काढलेलं चित्र) आणि संगणकावरची दृष्टिक्षेत्र चाचणी. चष्म्याचा नंबर काढणं ही ती तपासणी नव्हे! आशियाई वंशाच्या लोकांमध्ये इजा बऱ्याचदा मध्यबिंदूपासून दूर सुरू होते, त्यामुळे फक्त मधला भाग तपासला तर ती निसटते. नेमकं कुठवर तपासलं, हे विचारायला संकोच करू नका. आपल्याला त्रास जाणवेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आणि स्टिरॉइड?

दोन गोष्टी. एक, भिंगाच्या मागच्या बाजूला धरणारा मोतीबिंदू. यात समोरच्या दिव्यांचा झगमगाट फार त्रास देतो. दोन, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू. पहिला ऑपरेशनने निघतो, दुसऱ्यात गेलेली नजर परत येत नाही, आणि दाब वाढलेला कळतही नाही. गोळ्या असोत वा थेंब, काही आठवड्यांहून जास्त चालणार असतील तर दाब मोजून घ्या. मधोमध डाग आल्यासारखं किंवा रेषा वाकड्या दिसायला लागल्या तर पडद्याखाली पाणी साचलेलं असू शकतं, तेही स्टिरॉइडमुळे होतं. गोळ्या मात्र एकदम बंद करायच्या नाहीत, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल.

बायोलॉजिक इंजेक्शनांचं काय?

ही प्रतिकारशक्तीतला एखादा ठरावीक दुवा अडवणारी औषधं. डोळ्यांच्या बाजूने बघितलं तर ती बहुतांशी मित्रच आहेत, पण सगळी सारखी नाहीत. वारंवार आयरायटिस होणाऱ्याला ॲडॅलिम्युमॅबचा फायदा होतो. एटानरसेप्ट सांध्यांना उपयोगी पडलं तरी डोळ्यांसाठी तितकं चालत नाही. म्हणून औषध निवडण्याआधी संधिवाततज्ज्ञाला डोळ्यांचा इतिहास माहीत हवा. टीबीची तपासणी आधी करतात, ती टाळू नका; टीबी स्वतःही युव्हिआयटिस आणि स्क्लेरायटिस करतो. टोफासिटिनिबच्या जातीच्या गोळ्यांवर नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं. ती कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आली तर डोळा त्याच दिवशी दाखवा.

आईचं वय ७० आहे. खांदे आखडतात, कानशिलं दुखतात, काल काही क्षण एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. आता ठीक आहे.

वाचणं थांबवा आणि तिला आत्ताच रुग्णालयात न्या. पन्नाशीनंतर, सकाळी खांदे-मांड्या आखडण्याच्या दुखण्याबरोबर कधी कधी डोक्यातल्या धमन्यांना सूज येते. नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं ही तिची चिन्हं. क्षणभर गेलेली नजर ही शेवटची सूचना असू शकते; उपचार झाले नाहीत तर काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर तपासण्यांच्या रिपोर्टसाठी न थांबता स्टिरॉइड सुरू करतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन, लेसिक, कॉन्टॅक्ट लेन्स चालतील?

मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि चांगलं होतं. युव्हिआयटिस होऊन गेला असेल तर डोळा निदान तीन महिने शांत असावा लागतो. आमवात आणि कोरडेपणा असेल तर सर्जनला आधी सांगा, कारण ऑपरेशननंतर नेहमी दिले जाणारे डायक्लोफिनॅक किंवा नेपाफिनॅकसारखे वेदनाशामक थेंब अशा डोळ्यात कॉर्निया विरघळवू शकतात. लेसिकबद्दल, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनबद्दल, माझं मत सरळ आहे. संधिवात सक्रिय असेल किंवा शोग्रेन असेल तर चष्मा बरा. कोरड्या डोळ्यात नेहमीच्या कॉन्टॅक्ट लेन्स टोचतात आणि संसर्गाला वाव देतात.

आहाराने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने फरक पडतो?

व्यायामाने दाह कमी होत नाही. ओमेगा-३ च्या कॅप्सूल कोरडेपणासाठी भरपूर खपतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत. धूम्रपान सोडण्याचा फायदा मात्र सांधे आणि डोळे दोघांनाही होतो.

डोळ्यांची तक्रार नसेल तर किती वेळा दाखवायचं?

दाहाचा संधिवात असलेल्या मोठ्या माणसाने वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून. मुलांचं आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं वेळापत्रक वर दिलंच आहे. जाताना सगळ्या औषधांची यादी, डोस आणि ती कधी सुरू झाली त्याची तारीख बरोबर न्या. तपासणीनंतर तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा परतताना सोबत कुणीतरी असलेलं बरं.